जांभूळबियांची बिस्किटं

एकोडीच्या समाजमंदिरात बायांचं रक्त तपासायचं होतं आणि सतरंजीवर सगळ्यांत आधी येऊन बसला ताराचंद.

“काकाजी, हे बायांसाठी आहे,” गावची आशा कार्यकर्ती सरिता त्याला म्हणाली.

“मले मालूम आहे. पन शुगर का फक्त बायाईलेच होते?”

तपासायला नागपूरहून आलेली गुंजन खोक्यातून नळ्या काढत होती. तिला हसू आलं. “बसा काकाजी. तुमची पन पाहून देते,” ती म्हणाली आणि तिनं त्याचं बोट टोचलं. मशीनवरचा आकडा पाहिल्यावर तिचं हसू मावळलं.

“गोळी घेता का सुई?”

“सुई. सकाळ-संध्याकाळ. ही देते टोचून.” त्यानं मागं बसलेल्या बायकोकडे बोट केलं. ललिताबाईनं पदर पुढे ओढला.

“मंग तुमाले नाही घेता येत, काकाजी. हा अभ्यास फक्त गोळीवर असलेल्या बायांचा आहे. सुई अन् आमची जांभूळबियांची बिस्किटं मिळून साखर एकदम खाली गेली तर धोका होईन.”

“थे तर आताच जाते खाली. धानाच्या बांधीत उभा असतो अन् हातपाय कापाले लागते, डोऱ्यासमोर अंधारी येते. मंग ही बुडी धावत येते अन् तोंडात गूळ कोंबते.” तो मोकळेपणानं बोलत होता, पण ती थरथर त्याला आवडत नव्हती हे दिसत होतं. ज्या माणसाचं उभं आयुष्य धानाच्या चिखलात गेलं, त्याला चार माणसांदेखत शेताच्या धुऱ्यावर बसवून गूळ चारावा लागायचा.

“डॉक्टरले सांगतलं का?”

“सांगतलं. जेवन पाहून सुई कमी-जास्त करा म्हने. धान रोवण्याच्या दिवसात जेवनाचा का भरवसा.” तो उठला. “ठीक आहे. आमची बुडी तरी घ्या.”

ललिताबाई निवडली गेली. तिची साखर गोळीनं कशीबशी आटोक्यात होती, आणि गुंजनला अशाच बाया हव्या होत्या.

गुंजन आंबागडची. किल्ल्याच्या पायथ्याशी तिच्या वडिलांची थोडी धानाची शेती होती. ती नागपूरच्या एका कॉलेजात अन्नतंत्राची पीएच.डी. करत होती. साकोलीकडच्या एका बचत गटाचं जांभळाच्या सरबताचं केंद्र होतं. रस काढून झाला की बिया मागच्या बाजूला फेकल्या जायच्या. शेजारी आंब्याच्या सालींचा ढीग असायचा. उन्हाळा संपता संपता तिथं माशांचं मोहोळ उठायचं आणि आंबूस वास रस्त्यापर्यंत यायचा. गुंजननं त्या बिया आणि साली धुतल्या, वाळवल्या, भाजल्या, दळल्या, आणि कणकेत मिसळून बिस्किटं केली. पहिला घाणा इतका कडू निघाला की चाखणाऱ्यानं घास थुंकला. कडूपणा कमी करण्यातच तिचा बराच काळ गेला. प्रयोगशाळेतल्या उंदरांवर आकडे चांगले आले. आता माणसं काय सांगतात ते पाहायचं होतं.

अभ्यासाची रीत तिनं बायांना आपल्या बोलीत समजावली. निम्म्या बायांना बियांची बिस्किटं मिळतील, निम्म्यांना साधी. दिसायला दोन्ही सारखीच. साध्या बिस्किटांत रंगाला आणि कडूपणाला कोको घातलाय. कोणाला कोणती मिळाली ते बायांनाही ठाऊक नसणार आणि गुंजनलाही नाही. पाकिटांवर फक्त आकडे आहेत, त्यांचा अर्थ कॉलेजातल्या दुसऱ्याच माणसाकडे बंद आहे. सकाळी दोन खायची, संध्याकाळी दोन. गोळी कोणीच बंद करायची नाही.

“म्हंजे आमाले समजनारच नाही?” धुरपता नावाच्या म्हाताऱ्या बाईनं विचारलं.

“नाही, मावशी. समजलं तर मग मन फसवते.”

धुरपतानं मान हलवली. तिला पटलं की नाही ते तिच्या तोंडावरून कळलं नाही.

श्रावणापासून गुंजनच्या फेऱ्या सुरू झाल्या. नागपूरहून साकोलीपर्यंत एसटी, पुढे सरिताच्या स्कूटीवर एकोडी. बायांचं रक्त घ्यायचं, वजन करायचं, रिकामी पाकिटं परत घ्यायची आणि भरलेली द्यायची. ललिताबाईच्या घरी ती सगळ्यांत शेवटी जायची, कारण तिथं बसणं व्हायचं. सपरीत, घरापुढच्या पडवीत, खाट टाकलेली असायची. ललिताबाई बिनसाखरेचा चहा आणायची आणि रिकामी पाकिटं घडी घालून, रबर लावून हातात द्यायची.

“काकू, एक पन बिस्किट चुकत नाही ना?”

“नाही वो बाई. तू एवढ्या दुरून आनते.”

“अन् गोळी?”

“गोळी चालू आहे माही.”

ती खोटं बोलत नव्हती. तिचे आकडे मात्र हलत नव्हते. कधी थोडे खाली यायचे, पुन्हा वर जायचे. हिला साधी बिस्किटं मिळत असावीत असं गुंजनच्या मनात आलं, आणि असा विचारही करायचा नसतो म्हणून तिनं तो झटकला.

ताराचंद त्या दिवसांत खुशीत होता. एकदा तो बोडीवरून, गावच्या छोट्या तळ्यावरून, आंघोळ करून आला, ओल्या अंगानं सपरीत उभा राहिला आणि म्हणाला, “मॅडम, आता माहं कापनं बंद झालं. यंदाचा रोवना मी पूर्ण उभ्यानं केला.”

“चांगलं झालं, काकाजी.”

“वजन बी उतरलं. जवानीत होतो तसा झालो.”

ललिताबाई लगबगीनं आत गेली. गुंजन पाकिटं पिशवीत भरत होती, पाच वाजताची बस पकडायची होती. ताराचंद तिच्या अभ्यासात नव्हता. तिनं पुढे काही विचारलं नाही.

दिवाळीच्या सुमारास तिच्या मार्गदर्शकांनी, वीरेंद्र सरांनी, तिला खोलीत बोलावलं. अर्धा टप्पा झाला होता. सगळ्या बायांची मिळून सरासरी साखर उतरलेली दिसत होती. “आकडे बोलायला लागलेत, गुंजन,” सर म्हणाले. एका खाद्यपदार्थांच्या कंपनीचे लोक त्यांना भेटून गेले होते. फेकून देतात त्या बियांतून असं काही निघतंय, यात सरांना खरा आनंद होता. गुंजनलाही होता. त्या दिवशी तिनं आंबागडला फोन करून वडिलांना सांगितलं, आणि त्यांनी शेजारच्या दोघांना बोलावून ते पुन्हा तिच्याकडून वदवून घेतलं.

धान कापून झालं होतं, चुरणं, म्हणजे मळणी, चालू होती, तेव्हा सरिताचा फोन आला.

“मॅडम, ताराचंद काकाजी भंडाऱ्याले भरती आहे. पाय सडला म्हनते. तुमी येऊन पाहा. त्याईची लेक मोना लय चिडून आहे तुमच्यावर.”

“माझ्यावर? काहून?”

“या तुमी,” सरिता म्हणाली.

दवाखान्याच्या व्हरांड्यात ललिताबाई भिंतीला टेकून बसली होती. शेजारी तिची लेक मोना उभी होती. तिला तुमसरकडे दिलेलं होतं, बाप भरती झाल्याचं कळताच ती धावत आली होती. गुंजन दिसताच ती पुढे झाली.

“तुमीच का बिस्किटवाल्या?”

“हो.”

“जा, आत जाऊन पाहून या माह्या बाबाचा पाय. मंग बोलू.”

गुंजन आत गेली. ताराचंदला ग्लानी होती. उजवा पाय पट्टीत होता, पण वास पट्टीला जुमानत नव्हता. नडगीपर्यंतची कातडी काळी-निळी पडली होती. ती दाराकडे वळली. तरुण डॉक्टर तिथंच भेटले. कापणीच्या बांधीत धानाचं धसकट तळव्यात घुसलं होतं, ते म्हणाले. पायाची जाणीव आधीच गेलेली, त्यामुळे त्यांना समजलंच नाही. तसेच चिखलात, पाण्यात फिरत राहिले. आणि साखर एवढी चढलेली की जखम भरायचा प्रश्नच नव्हता.

“इन्सुलिन तर घेतात ते,” गुंजन म्हणाली.

“पावसाळ्यातच सोडलं म्हणे. कसली तरी बिस्किटं खात होते.” डॉक्टरांना ती कोण हे ठाऊक नव्हतं. “हातपाय थरथरायचे ते थांबलं, म्हणजे बिस्किटं लागू पडली, असं त्यांनी धरून घेतलं. अहो, इन्सुलिन बंद केल्यावर थरथर थांबणारच. साखर खाली जायची म्हणून तर ते थरथरत होते. वजन उतरलं ते साखर वाढल्यामुळे. त्यांना वाटलं तब्येत सुधारली.”

आपण कोण आहोत ते गुंजननं त्यांना सांगितलं. डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं आणि ते पुढच्या खाटेकडे वळले.

व्हरांड्यात येऊन ती ललिताबाईजवळ खाली फरशीवर बसली.

“काकू, मले सांगा काय झालं.”

ललिताबाई आधी नुसती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग हळू आवाजात बोलू लागली. “तू त्याईले नाही म्हनलं ना, तवा त्याईले लय लागलं. घरी येऊन बोललेच नाही. मी म्हनलं, माह्यातले दोन तुमी खा. सकाळी एक मी खावो, एक ह्याईले देवो. संध्याकाळी बी तसंच.”

“अन् सुई?”

“दोन-चार दिवस सुई बी देल्ली. मंग एक दिवस हे म्हने, आज राहू दे, पाहू. त्या दिवशी कापलं नाही. दुसऱ्या दिवशी बी नाही. मंग म्हने, पाहाय, लागू पडलं. कायले टोचते रोज.” तिनं वर पाहिलं. “मले बी बरं वाटलं, बाई. रोज त्या पोटावर सुई टोचाले माहा हात उचले नाही. तुले सांगाचं होतं. पन तू पाकिटं बंद करशीन म्हून नाही सांगतलं.”

मोना हे सगळं ऐकत उभी होती. तिचा राग आता आईकडे वळतोय की गुंजनकडे, ते तिचं तिलाच कळत नसावं. “तुमी शिकलेल्या आहा,” ती गुंजनला म्हणाली. “तुमी दर खेपेले घरी येत होत्या. माह्या बाबासमोर चाय पेत होत्या. तुमाले दिसलं नाही?”

ओल्या अंगानं सपरीत उभा राहिलेला ताराचंद गुंजनला आठवला.

दोन दिवसांनी त्याला नागपूरला हलवलं. पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

वीरेंद्र सरांनी सगळं ऐकून घेतलं. मधे एकदा उठून त्यांनी खिडकी लावली.

“वाईट झालं,” ते म्हणाले. “फार वाईट झालं. पण तो माणूस आपल्या अभ्यासात नाही. आपण त्याला स्पष्ट नाकारलं होतं. त्याच्या बायकोनं सूचना पाळल्या नाहीत, तिला वगळ. बाकीचे आकडे शाबूत आहेत.”

“सर, बाकीच्यांनीही वाटून खाल्ली असतील तर?”

“असं कोणी सांगितलं तुला?”

“कोणी नाही. मी विचारलंच नाही कधी. रिकामी पाकिटं मोजत राहिले.”

“मग आता विचारूही नकोस,” सर म्हणाले. बोलून झाल्यावर त्यांना स्वतःलाच ते ऐकू आलं असावं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “मी असं म्हणायला नको होतं. पण तुझी इतकी वर्षं यात गेली आहेत, आणि माझीही. काय करायचं ते नीट विचार करून कर.”

पुढच्या आठवड्यात गुंजन एकोडीला गेली. या वेळी नळ्या नेल्या नाहीत, पाकिटंही नेली नाहीत. सरितानं बायांना आपल्या सपरीत बोलावलं होतं. ताराचंदची बातमी सगळ्या गावाला होती, त्यामुळे कोणी गुंजनच्या नजरेला नजर देत नव्हतं.

“मी कोनालेच बोलाले आली नाही,” गुंजन म्हणाली. “मले फक्त खरं पायजे. ज्याईनं आपली सगळी बिस्किटं एकटीनं खाल्ली, त्याईनं सांगा.”

बाया तांदूळ निवडावेत तशी पदरावरची न दिसणारी कुसळं वेचू लागल्या. शेवटी धुरपता बोलली.

“माही नात शाळेतून आली का हात पुढे करे. थे लहान लेकरू. त्याले का म्हनू, हे माह्या शुगरचं आहे?”

“माहा नवरा म्हने, तुले कॉलेजचं बिस्किट अन् मले शिळी भाकर?” दुसरी म्हणाली. एक-दोघी हसल्या आणि लगेच थांबल्या.

“घरात एवढी मानसं बसून आहे अन् आपन एकटीनं तोंड हालवाचं, बरं दिसते का बाई?” तिसरी म्हणाली. ती विचारत होती, भांडत नव्हती.

मग एकेक जण सांगू लागली. कोणी सासूला दिली. कोणी मुलगा गावाहून आला तेव्हा पाकीटच त्याच्या बॅगेत टाकलं. बांधीवर कामाला आलेल्या बायांना चहाबरोबर दिली. गुंजन ऐकत राहिली. तिनं कणकेत किती टक्के पीठ घालायचं याचा हिशेब केला होता, भट्टी किती तापवायची याचा केला होता. घरात आलेली खायची वस्तू बाई एकटी खात नाही, हे तिच्या हिशेबात कुठंच नव्हतं. आंबागडला तिची आई जेवायला सगळ्यांच्या शेवटी बसते, हे जन्मापासून पाहूनही नव्हतं.

“मी खाल्ली पूर्ण,” कोपऱ्यातून आवाज आला. शुभांगी नावाची तरुण बाई होती, बाळंतपणात साखर निघाली ती तशीच राहिलेली. ती मान खाली घालून बोलत होती. “लपून खावो. न्हानीत जाऊन. सासूले दिसू नये म्हून. लय लाज वाटे, पन तुमी सांगतलं होतं एकटीनं खाचं म्हून.”

शेजारची बाई तिच्यापासून थोडी लांब सरकून बसली, आणि शुभांगीचे डोळे भरून आले.

गुंजन त्या रात्रीच्या बसनं परतली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सरिताच्याच घरी बसून तिनं कॉलेजातल्या समितीला सगळं लिहून कळवलं. माणसांवरच्या प्रयोगांना परवानगी देणारी ती समिती होती. ताराचंदचा पाय, ललिताबाईनं दिलेली बिस्किटं, आपण त्याचं बोलणं ऐकलं आणि काही विचारलं नाही हे, आणि बाकीच्या घरांतलंही. सरांना तिनं आधी फोन केला. ते फक्त “बरं” म्हणाले.

समितीनं अभ्यास थांबवला. उतरलेल्या आकड्यांना आता काही अर्थ उरला नव्हता, कारण कोणी किती खाल्लं तेच कोणाला माहीत नव्हतं. आकडे उतरले ते बियांमुळे, की दर खेपेला कोणीतरी येऊन गोळीची आठवण करून देत होतं म्हणून, हे आता कधीच कळणार नव्हतं. कंपनीची माणसं पुन्हा आली नाहीत. वीरेंद्र सर दिसले की मान हलवायचे, पण पूर्वीसारखं खोलीत बोलवायचे नाहीत. आणि अभ्यास बंद झाल्यामुळे पाकिटांवरच्या आकड्यांचा अर्थ उघडला गेला. ललिताबाईच्या पाकिटांत साधी बिस्किटं होती. कणीक, तेल आणि कोको.

अभ्यासात असलेल्या प्रत्येक बाईला आपल्याला काय मिळालं ते कळण्याचा हक्क होता, आणि समितीनं ते समोरासमोर सांगायला लावलं होतं. बाकीच्या घरी गुंजन जाऊन आली. ललिताबाईचं घर मात्र ती टाळत राहिली. होळी आठवड्यावर आली तेव्हा ती गेली.

ताराचंद सपरीत खाटेवर बसला होता. मांडीवर लुगड्याचं फडकं टाकलं होतं, त्याखाली डावा पाय दिसत होता आणि उजवीकडे काही नव्हतं. कुबड्या भिंतीला लावलेल्या. तो वाळला होता, पण आवाज तोच होता.

“या मॅडम. बुडी तुरी आनाले गेली वावरात. बसा.”

ती बसली. काय बोलायचं ते तिनं बसमध्ये ठरवलं होतं, पण त्यातलं काही आठवेना.

“सुई चालू आहे?” तिनं विचारलं.

“आता चालू आहे. आता नाही म्हनाले तोंड कुठी आहे मले.” तो तिच्या चेहऱ्याकडे पाहत होता. “का सांगाले आल्या?”

खरं तर हे आधी ललिताबाईला सांगायचं होतं, आणि फक्त तिलाच. ते ठाऊक असूनही गुंजननं सांगून टाकलं. एका दमात, खाली पाहून.

ताराचंदनं समोरच्या रस्त्याकडे तोंड वळवलं. एक बैलगाडी धानाचं तणस भरून गेली.

“म्हंजे त्यात काहीच नव्हतं.”

“नाही, काकाजी. पन असतं तरी सुईच्या जागी चाललं नसतं. कोनतंच बिस्किट चालत नाही.”

“थे मले समजलं आता.” त्यानं आवाज खाली आणला. “तिले नोको सांगू.”

“काकाजी, मले सांगावंच लागते. तो तिचा हक्क आहे.”

“हक्क मले नोको शिकवू, पोरी. थे रोज जेवताना माह्या पायाकडे पाहाते अन् ताटावरून उठते. तिले एवढं तरी वाटते, का चांगली वस्तू देल्ली होती, माहंच नशीब खोटं. हे बी काढून घेशीन तर तिच्याजवळ का राहीन?”

त्याचं बोलणं गुंजनला पटत होतं, आणि पटत होतं म्हणूनच तिला भीती वाटत होती. न सांगता निघून जाणं फार सोपं होतं. पिशवी उचलायची आणि सरिताला फोन करायचा.

तेवढ्यात ललिताबाई आली. डोक्यावरचा तुरीचा भारा तिनं अंगणात टाकला, गुंजनला पाहून चेहरा पुसला, पाणी आणायला आत गेली आणि गडवा घेऊन आली. नवऱ्याकडे आणि गुंजनकडे आळीपाळीनं पाहून तिला काहीतरी समजलं असावं.

“धुरपताले तू सांगून गेली म्हने, तिची खरी होती,” ती उभ्यानंच म्हणाली. “माही कोन्ती होती?”

ताराचंदनं गुंजनकडे पाहिलं. ती नजर विनवणीची होती.

“साधी होती, काकू,” गुंजन म्हणाली.

ललिताबाई दाराच्या चौकटीला धरून खाली बसली. ती रडली नाही. कितीतरी वेळ तिनं हातातला गडवाही खाली ठेवला नाही.

“कडू लागत होती,” ती शेवटी म्हणाली.

“कोकोमुळे. तो त्याच्यासाठीच टाकला होता.”

“म्हंजे तू आमाले फसवाले टाकला.”

“मी सांगतलं होतं तुमाले, का निम्म्याईले साधी...” गुंजननं वाक्य अर्धंच सोडलं. सांगितलं होतं हे खरंच होतं. पण ते खरं असून आत्ता त्याचा काही उपयोग नव्हता. “हो, काकू,” ती म्हणाली.

“कनकीची बिस्किटं,” ललिताबाई म्हणाली. “घरी कनीक होती माह्या. मी काहून त्याईले थे चारत बसली असती.”

“ललिता,” ताराचंद म्हणाला. गुंजननं त्याला बायकोचं नाव घेताना पहिल्यांदाच ऐकलं. “सुई मी सोडली. तू नाही सोडली. माह्या तोंडानं मी नाही म्हनलं.”

“टोचाची मी होती ना पन.”

अंगणात कोंबड्या तुरीच्या भाऱ्यावर चढल्या होत्या, त्यांना कोणी हाकललं नाही. थोड्या वेळानं ललिताबाई उठली, हात धुऊन आली, आतून छोटा डबा आणला. संध्याकाळच्या सुईची वेळ झाली होती. ताराचंदनं सदरा वर केला. तिनं पोटाची कातडी चिमटीत धरली, आणि या वेळी तिचा हात थांबला नाही.

गुंजन निघाली तेव्हा ललिताबाई तिच्यासोबत फाटकापर्यंत आली. पुढच्या वर्षी नव्यानं अभ्यास करायचा म्हटलं, घरातल्या सगळ्यांनाच देऊन, तर समिती परवानगी देईल का, हे गुंजनला माहीत नव्हतं. द्यावी की नाही हेही तिला कळत नव्हतं. ते सगळं तिच्या मनात होतं, पण बोलली ती एवढंच, “काकू, मी येत जाऊ का अधूनमधून? काकाजीले पाहाले?”

ललिताबाईनं फाटकाची कडी काढली.

“येत जाय,” ती म्हणाली. “पन खायले काही आनू नोको.”

गुंजननं मान हलवली. सरिता स्कूटी सुरू करून रस्त्यावर थांबली होती. ललिताबाईनं कडी लावली आणि कोंबड्या हाकलत ती भाऱ्याकडे वळली.